मला पारंपरिक म्हणाले

९ जुलै २०२५, बुधवार

पारंपरिक! मी!

सुनेनं, रीतानं, गाण्याखाली लिहिलेलं मोबाइलवर वाचून दाखवलं. आवाज — रुचिका. संगीत — रुचिका. शब्द — पारंपरिक. मी विचारलं, हा पारंपरिक कोण? कुठल्या गावचा? जमीन किती त्याला? रीता हळूच म्हणे, "आई, म्हणजे जुनं. कोणी केलं ते माहीत नाही, असं."

माहीत नाही! दोन वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात, याच पाटावर बसून, हीच रुचिका, माझी नात, माझ्या तोंडापुढं मोबाइल धरून होती. "आजी, अजून एक. आजी, अजून एकच." मी गात बसली आणि चहा उतू गेला. तेव्हा आजीचं नाव माहीत होतं. चाळीस लाख लोकांनी ऐकल्यावर माहीत नाही झालं.

मेलेल्या माणसाचं बोलावं तसं बोलतात. मी जिवंत आहे, बाप्पा! सकाळीच वाडगंभर बासी भात खाल्ला, वर मिरची.

१० जुलै

घरात भांडायला कोणी उरलं नाही म्हणून वहीशी भांडते. नवरा केवलराम वर गेला. पोरगा भूपेंद्र तिरोड्याच्या वीज कारखान्यात पाळीवर, आठवड्यातून एकदा येतो आणि झोपतो. झोपलेल्याशी काय भांडता?

अक्षर मला येत नाही. बोलते मी, लिहिते सून. रीता दहावी पास आहे, अक्षर गोल आहे म्हणतात. लिहिता लिहिता माझ्या बोलण्याला इस्त्री करते, मला कळते. मी म्हणते 'कायले', ती लिहिते 'कशाला'. करू दे इस्त्री. पण शिव्या गाळल्या तर वाचून घेईन तेव्हा पकडीन!

आणि गंमत पाहा. राग रुचिकावर, आणि लिहून राहिली रुचिकाची माय. तोंड पाडून लिहिते. पाड.

१३ जुलै, रविवार

आज पूर्ण गाणं ऐकलं. तीनदा. दोनदा रागानं, एकदा आणखी रागानं.

आवाज चांगला आहे. खोटं कशाला बोलू. पोरीचा गळा लहानपणापासून जाड, खरखरीत. शाळेत प्रार्थनेला मागं उभी करायचे, पुढं गोड गळ्याच्या पोरी. इंजिनीअरिंग करायला नागपूरला घातली, तर दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेली. भूपेंद्रनं आठ महिने बोलणं टाकलं होतं. मी मात्र म्हटलं होतं, जाऊ दे, म्हशीला हाका मारायचा गळा आहे, दूरवर जाईल. गेली. भंडारा, नागपूर, मग पुणे. आता स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाल लावते, पेपरात फोटो येतो. सोल सिंगर म्हणतात तिला. मी विचारलं होतं, सोल तर चपलेला असते वं? तर हसून लोळली. "आजी, सोल म्हणजे आत्म्यातून गायचं." मग मी काय गुडघ्यातून गायची?

पण गाणं! माझं गाणं असं आहे —

धुऱ्यावरती कोन रडते वं बाई, कोन रडते?
मोहाखाली कोन निजते वं बाई, कोन निजते?
आता कायले चुप झालं वं बाई, चुप झालं?

एवढंच. तीन सवाल. आणि हिनं प्रत्येकाला जबाब लावला. धुऱ्यावर कोण रडते? — म्हणे, माझं मन रडते. मोहाखाली कोण निजते? — माझं स्वप्न निजते. आता कायले चुप झालं? — म्हणे, तू आलास म्हणून.

तू आलास म्हणून! कोण आला? कोणाला विचारून आला? गाणं माझं, आणि त्यात हा कोण मेला बिनपत्त्याचा येऊन बसला?

१४ जुलै

रागानं जेवली नाही. मग भूक लागली. मग त्याचा राग आला.

१८ जुलै, शुक्रवार

आज आपल्या बांधीत भाताची रोवणी. बाहेरून बारा बाया आल्या. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसली. गुडघे आता चिखलात जात नाहीत, पण तोंड जाते.

आणि काय पाहते — बायांनी धुऱ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल ठेवला आणि त्यातून रुचिकाचं गाणं! बाया मुक्या, मोबाइल गाते. बारा तोंडं असून!

मी ओरडली, "बंद कर तो डब्बा! रोवणीत स्वतः गात असतेत."

एक म्हणे, "काऊन वं आजी? तुह्या नातीचंच तं आहे."

"गाणं माझं आहे!"

तर दुसरी पऱ्ह्याची, रोपांची, पेंडी सोडता सोडता म्हणे, "आजी, हे तं माही मायबी गाये. तिकडं आमगावकडंबी गातेत. जुनं आहे."

म्हणजे आता रांगेतल्या बायाही मला पारंपरिक करून राहिल्या.

यांना काय सांगू? यांची रोवणी ठेक्यावर, एकराचे पैसे ठरलेले. मोबाइल लावा, बिस्किटं खा, घरी जा. आमच्या वेळी दुसऱ्याची बांधी आणि मालक छत्री घेऊन धुऱ्यावर उभा. बोलणं बंद! बोललं की मजुरी कापायचा. पण गायलं की खूश, कारण गाण्यानं हात भरभर चालतो. मग आम्ही सारं गाण्यातच बोलायचो. कोणाच्या सासूनं मीठ लपवलं, कोणाला दिवस गेले, कोणाचा नवरा दारू पिऊन विहिरीजवळ पडला. एक बाई सवाल टाकायची, दुसरी जबाबानं झेलायची, बाकीची रांग उचलायची. मालक वर उभ्यानं मान हलवायचा. त्याच्या नाकावरही एक गाणं होतं. त्यालाही मान हलवायचा!

आणि नियम होता. टाकणारीचं टाकणारीचं, झेलणारीचं झेलणारीचं. दुसरीचं अर्धं आपल्या तोंडात घ्यायचं नाही. घरी भांडी घासतानाही नाही. तवा दुसरीचा घेतला तर चालते, ओळ नाही.

२२ जुलै

गाण्याच्या कंपनीच्या माणसाचा फोन. मुंबईहून. रीतानं रुचिकाला माझा राग कळवला, रुचिकानं त्यांना. हा हिंदीत बोलला, गूळ लावून.

"माताजी, कोई लिखित प्रमाण है क्या? कि गाना आपने बनाया?"

मी म्हटलं, "लिखना आता तो गाती काहे को?"

"फिर भी माताजी. कोई कागज?"

मी म्हटलं, "बेटा, तेरी माँ ने तुझे पैदा किया, उसका कागज है क्या तेरे पास?"

म्हणे, "जी है, बर्थ सर्टिफिकेट."

मी फोन रीताकडं दिला. ती हसून राहिली होती. लिही — रीता हसून राहिली होती. सासूची फजिती झाली की हिचे दात दिसतात.

कागज! जगात ज्याचा कागज नाही ते झालंच नाही का?

२७ जुलै, रविवार

रुचिका आली. केस कापलेले, नाकात रिंग, हातात पेढे. मी पेढे घेतले, तिला घेतलं नाही.

"आजी, पाया पडते."

"माझ्या कशाला? पारंपरिकच्या पड."

तिथंच बसली, खाली, मातीत. पँट महागाची असेल. "आजी, चुकलं. त्यांनी फॉर्म भरायला दिला, त्यात लिहायचं होतं शब्द कोणाचे. मी विचार केला, तू कुठून तरी ऐकलं असशील. मी तुला विचारलंच नाही."

"मोबाइल तर रोज लावते. 'आजी, जेवली का?' त्याच्यासोबत विचारता नाही आलं? जेवली. आणि गाणं माझं आहे. झालं असतं दोन मिनिटांत."

रडायला लागली. मोठी सोल सिंगर, आणि रडते शेंबूड ओढून, चौथीत रडायची तशीच. रीता दारात उभी. तिला वाटून राहिलं होतं की मी थांबावं. मी थांबली नाही. मी म्हटलं, तुझ्या शाळेची फी भरायला मी वाकून वाकून लोकांची रोवणी केली, पाठीला हे कुबड आलं, त्याच्यावर पण लिही पारंपरिक.

मग तिनं मोबाइल काढला, तिथंच बसून कोणाकोणाला इंग्रजीत झापलं. चांगलं झापते. माझ्यावर गेली. अर्ध्या तासानं स्क्रीन माझ्यापुढं. "बघ."

मी काय बघू? मी रीताला म्हटलं, वाच. रीतानं मोठ्यानं वाचलं. शब्द — फुलवंताबाई.

"कसं दिसते?" मी विचारलं.

"छान दिसते, आई. सहा अक्षरं. सरळ."

सहा अक्षरं! एवढी लहान वस्तू. तिच्यासाठी तीन आठवडे रक्त आटवलं.

२८ जुलै

पण रुचिका आता सोडत नाही. नाव लागलं तरी जबाब चुकीचे आहेत ना! मीच ओरडून सांगितलं होतं. आता तीच ओरड माझ्या गळ्यात.

"आजी, खरे जबाब काय होते? चौदा ऑगस्टला गोंदियात कार्यक्रम आहे, मोठ्या हॉलमध्ये. आपल्या लोकांसमोर मला बरोबर गायचंय."

मी म्हटलं, "जबाब माझ्याजवळ नाहीत."

"कोणाजवळ आहेत?"

मी म्हटलं, माझ्याबरोबर जमुना असायची. सालेकशाकडची, जंगलातल्या गावची. दर साली रोवणीला यायची, आमच्या पडवीत राहायची. तिचं अर्धं मी कसं सांगू? नियम आहे.

"मग जमुनाबाईला भेटू."

"मी तिच्याशी बोलत नाही."

"कधीपासून?"

"अठ्ठेचाळीस साल."

पोरीनं डोळे फाडले. रीतानं पण. रीताला पण माहीत नव्हतं, आणि ती या घरात सव्वीस वर्षं आहे! काऊन बोलत नाही, रुचिकानं विचारलं. मी म्हटलं, भांडणाचं कारण भांडणाऱ्यांचं असते. चहा ठेवा.

३ ऑगस्ट, रविवार

गेलो. मी नाही म्हणत होती आणि गाडीत बसत होती. रुचिका चालवते, बाजूला मी, मागं रीता. रस्ताभर झाडं आणि माकडं. मी रस्ताभर सगळ्यांना शिव्या दिल्या. माकडांनाही.

जमुना अंगणात बसून वास्ते चिरून राहिली होती. कोवळा बांबू, पातळ पातळ. केस पूर्ण पांढरे, पण दात माझ्यापेक्षा जास्त. तोच राग आला आधी.

मान वर केली. जणू काल गेली होती मी.

"आली का वं, फुला? अठ्ठेचाळीस साल लागले सालेकशाले यायले. रांगत आली का?"

मी म्हटलं, "तुह्या घरचा रस्ता कुत्र्याले गवसत नाही."

"तुले गवसला ना."

रुचिका हसली. जमुनाच्या लेकीनं खाट टाकली, पाणी दिलं. रुचिकानं मोबाइल लावला. गाणं सुरू झालं आणि जमुनाचा विळा थांबला. पूर्ण ऐकलं. मोबाइलकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती.

संपल्यावर म्हणे, "आवाज बेस हाय पोरीचा. छातीतून येते. पन जबाब कोनाचे?"

"माझे," रुचिका म्हणाली. "खरे मला मिळाले नाहीत. म्हणूनच आलोय, आजी. तुमचे जबाब सांगा ना."

"माहे?" जमुनानं विळा खाली ठेवला. "बाई, माहे तं सवाल व्हते. हे तिन्ही माहे. म्या टाकले. झेलले हिनं."

कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

रुचिका हळू वळली. "आजी?"

मी म्हटलं, "चला. अंधार पडते."

दुपारचे बारा वाजले होते.

जमुना थांबली नाही. बायका म्हाताऱ्या झाल्या की ब्रेक जातात. "त्या दिसापासून म्या ते तोंडात नाही घेतलं, पोरी. रांगेतल्या दुसऱ्या बायांनी उचललं, गावोगाव नेलं. त्यांच्यासाठी ते नुसतं गानं. हिनं तुले माहं अर्धं देल्लं, आपलं ठेवून घेतलं."

"कोणत्या दिवसापासून?"

"हिले विचार."

मी गाडीत जाऊन बसली. दार जोरात लावलं. पदर दारात अडकला, तो पण मीच ओढून फाडला.

निघताना जमुना खिडकीशी आली. वास्त्याची पिशवी माझ्या मांडीवर टाकली. म्हणे, "सांगून टाक, फुला. तू आन मी गेलो तं कोनी नाही राहत सांगनारं."

मी काच वर केली. म्हणजे रुचिकानं केली. मला बटण सापडलं नाही.

४ ऑगस्ट

चोरटी म्हणा मला. म्हणत का नाही कोणी? सकाळपासून घरात दोघी बोटांवर चालून राहिल्या. रीतानं वास्त्याची भाजी केली. चांगली झाली. त्याचाही राग आला.

रुचिकानं एवढंच विचारलं, "आजी, मग मी नाव बदलू?"

मी म्हटलं, "माझं नाव पुसलंस तर तुझं तोंड पाहणार नाही."

असं बोलली मी. लिही. वाचून घेईन तेव्हा मला ऐकायचं आहे मी काय बोलली ते.

५ ऑगस्ट

नाही लिहायचं आज.

७ ऑगस्ट

रुचिका पुण्याला गेली. जाताना पाया पडली, या वेळी मी डोक्यावर हात ठेवला. ती म्हणे, "आजी, तू सांगू नको. मी ते गाणं कार्यक्रमातून काढते. कंपनीला सांगते, नेटवरूनही काढा."

काढते! चाळीस लाख लोकांच्या तोंडातून कसं काढशील? लग्नात वाजून राहिलं. काल गावातल्या एका पोरानं त्यावर मोटारसायकल फिरवतानाचा व्हिडिओ टाकला. तू आलास म्हणून, तू आलास म्हणून!

रीता आता लिहिता लिहिता थांबली. माझ्याकडं पाहून राहिली. काय पाहते? खाली पाहा. लिही.

म्हणे, "आई, सवाल जमुनाबाईंचे, तर नाव तुमचं कशाला पाहिजे तुम्हाला एवढं?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सुनेनं मला कारण विचारलं. आणि नेमकं तेच विचारलं. मी ताट सरकवून उठली.

१० ऑगस्ट, रविवार

भूपेंद्रच्या आधी मला एक पोरगी होती. चार महिन्यांची. नाव सुरता. फोटो नाही, कागद नाही, गाणं तेवढं.

त्या दिवशी सकाळपासून तिचं अंग गरम होतं. मजुरी बुडाली असती म्हणून टोपलीत घालून नेली, मोहाच्या झाडाखाली ठेवली. मी रांगेत, दूरच्या टोकाला. जमुना धुऱ्याजवळच्या टोकाला, तिला टोपली दिसत होती. मालक उभा. बोलायचं नाही. तर तिनं गाण्यात टाकलं, धुऱ्यावरती कोन रडते. मी झेललं — रडू दे वं बाई, माही ओळ होऊ दे. रांग हसली. तिनं परत टाकलं, मोहाखाली कोन निजते. मी म्हटलं — निजू दे वं बाई, रातभर जागवते. आणखी हसली. मी मोठी हुशार! तिसऱ्यांदा तिनं टाकलं, आता कायले चुप झालं, तेव्हा तिचा सूर फुटला. मी पोचली तोवर टोपलीतलं अंग थंड झालं होतं.

ते गाणं नव्हतंच. ती मला हाक मारून राहिली होती. हाक माझी चुकली आणि अबोला तिच्याशी धरला.

रुचिकाला फोन लाव, रीता. सांग, माझं नाव काढ, जमुनाचं घाल. गाणं मात्र काढू नको, गा. आणि तिसऱ्या सवालाला जबाब लावू नको. मी दिलाच नाही.